ह्यांच्या गुडघ्याची भानगड

माणसाने भांडावं, आदळआपट करावी, फार झालं तर भरल्या ताटावरून उठून जावं. ते सगळं मी चालवून घेते. पण उशी काखोटीला मारून मुकाट्याने हॉलमध्ये झोपायला जाणं हे माणसाचं वागणं नव्हे. भांडणाला निदान उत्तर देता येतं. उशीला काय उत्तर देणार?

आमच्या ह्यांनी नेमकं हेच केलं. हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी आले, अंगात ताकद आली, सकाळचं फिरणं सुरू झालं, खालच्या बाकावर बसून जगाला अक्कल शिकवणंही सुरू झालं. सगळं जागच्या जागी आलं म्हणावं, तर ह्यांची उशीच तेवढी जागा सोडून सोफ्यावर. मी म्हटलं, "हे काय नवीन?"

"पंख्याचा आवाज होतो," म्हणाले.

आता तो पंखा आमच्या लग्नापासून आवाज करतोय. त्या आवाजात आमचा संसार झाला, मुलगा झाला, तेव्हा तो ह्यांना ऐकू आला नाही. ऑपरेशन छातीचं झालं आणि कान सुधारले! पण मी वाद घालणारी बाई नाही. वायरमनला बोलावलं. त्याने पंख्याकडे मान वर करून असं पाहिलं, की आता नातेवाइकांना कळवा म्हणणार. नवा पंखा लागला. तो इतका गुपचूप फिरतो की चालू आहे की बंद, हे पाहायला मान वर करावी लागते.

"आता?" मी विचारलं.

"गादी टोचते."

नवी गादी आली. ती जिन्याच्या वळणावर अडकली आणि सगळी इमारत दारात आली. आमच्या वर राहणाऱ्या बाईला मी भोंगा म्हणते. म्हणजे तोंडावर नाही, पण तिला माहीत आहे. ती कठड्यावरून ओणवी होऊन म्हणाली, "नवी गादी? या वयात?" मी म्हटलं, "जुन्या वयात जुनी होती. आता नवी आणली. धरा एक कोपरा." तिने धरला नाही, पण खबर धरली. संध्याकाळपर्यंत आमच्या गादीची जाडी दूधवाल्यालाही ठाऊक झाली होती.

गादी पडली. हे तिच्यावर एकदा बसले, हाताने दाबून पाहिली, "छान आहे" म्हणाले आणि उशी घेऊन सोफ्यावर. का, तर म्हणे, "मी घोरतो. तुझी झोपमोड होते."

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे मी अंगण दोनदा सपाट करून दिलं, तरी नाचणारा सोफ्यावरच!

मनातलं बोलायचं तर मला एकच भीती होती. ह्यांचं माझ्यावरचं मनच उडालं असेल तर? ऑपरेशनच्या वेळी यमाचं दार बघून आलेला माणूस. परत येताना म्हणाला असेल, आता पुरे ही बाई. मी आरशासमोर उभी राहून नीट पाहिलं. आरशात तक्रार करण्यासारखं काही आढळलं नाही. थोडी रुंद झाले आहे, पण घराचा उंबरठा रुंदच असावा. तरीही नव्या गादीवर, मुक्या पंख्याखाली एकटीने पडून राहिलं की छताकडे बघत बसावं लागायचं. झोप उडाली. जेवण गोड लागेना. माझी जीभ मुळातच धारदार, तिने आता घरातलं कोणालाच सोडलं नाही. सून कामावर लवकर जायला लागली. मुलगा तर तिच्याही आधी.

मग एकदा माझं ब्लडप्रेशर चढलं आणि मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळत विचारलं, "काकू, झोप लागते का?"

"झोप कुठली हो, झोपणाराच येत नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

मला वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी दार लोटून घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काकू, आम्ही जेवणाची चौकशी करतो, फिरण्याची करतो, पोट साफ होतं का तेही विचारतो. नवराबायकोच्या जवळिकीचं मात्र कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. तेही तब्येतीतच मोडतं. झोप, प्रेशर, चिडचिड, सगळं एकात एक गुंतलेलं असतं. त्याचे वेगळे डॉक्टर असतात. मोठ्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर एक बाई बसतात. सेक्स थेरपिस्ट म्हणतात त्यांना. दोघं मिळून जा."

"काय करतात त्या?"

"बोलतात."

"एवढंच?"

"तेवढंच तुमच्याकडे होत नाही ना?"

मी शाळेत जेमतेम पाटी फुटेपर्यंत गेले. पण उत्तर बरोबर आलं की मला कळतं.

ह्यांना सांगितल्यावर ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं. "मी असल्या ठिकाणी येणार नाही. लोक काय म्हणतील?"

"ठीक आहे. मी एकटी जाते. तिथे तुमची बाजूही मीच मांडते."

हे लगेच पायात चपला सरकवायला लागले. मी कोणाची बाजू कशी मांडते, हे ह्यांना माहीत आहे.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. भानगड झाली ती माझ्याच एका नियमामुळे. आमच्या घरातला कोणीही हॉस्पिटलात एकटा जात नाही. सगळे मिळून जातात. हा नियम मी केलेला आहे आणि तो मी कडकपणे पाळायला लावते. सुनेची दाढ काढली तेव्हाही आम्ही इतके जण गेलो होतो, की दातांच्या डॉक्टरने आधी कोणाची काढायची असं विचारलं. त्यामुळे वन्संनी "दादाला घेऊन कुठे निघालीस?" असं विचारताच मला काहीतरी सांगणं भाग पडलं. मी म्हटलं, "ह्यांचा गुडघा दाखवायचाय."

गुडघाच का सुचला, सांगता येत नाही. घाईत माणसाला जवळचा अवयव सुचतो.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, मागच्या गल्लीत एकट्या राहतात. तासाभरात त्या आपल्या कैलासवासी नवऱ्याची काठी घेऊन हजर झाल्या. त्यांच्यापाठोपाठ भोंगा एक उग्र वासाचं तेल घेऊन आली आणि म्हणाली, तिच्या मावसबहिणीने गुडघ्याकडे दुर्लक्ष केलं तर शेवटी खांदा गेला. मग खालचा कंपाउंडर आला. हा निवृत्त झाला तरी गळ्यातली हॉस्पिटलच्या ओळखपत्राची पट्टी काढलेली नाही. त्या हॉस्पिटलचा पाया आपल्याला विचारून खणला असं सांगत असतो. "वहिनी, तुम्ही चिंताच सोडा. तिथे सगळे आपले आहेत. मी बरोबर येतो."

"नको हो, कशाला त्रास?"

"त्रास कसला! तुमच्याच घरचा नियम ना?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

निघालो. मुलगा आणि सून कामावर गेलेले, तेवढे सुटले. ह्यांना मी कोपर मारून लंगडायला सांगितलं. जन्मात नाटकात काम न केलेला माणूस. जिन्यावर उजव्या पायाने लंगडला आणि हॉस्पिटलच्या फाटकात डाव्या. वन्संची नजर बारीक. "दादा, मघाशी दुसरा होता ना?"

"दुखणं फिरतं आहे," मी म्हटलं.

"फिरतं असेल तर फारच वाईट," भोंगा म्हणाली आणि तिने पुन्हा खांद्याची गोष्ट सुरुवातीपासून काढली.

केसपेपरच्या खिडकीला काच, काचेला खाली एवढंसं भोक. त्यात तोंड घालायचं म्हणजे बाईने कंबरेत दुमडायला हवं. मी दुमडले. माझ्यामागे आमची सगळी वरात दुमडली.

"कोणता विभाग?" आतला माणूस म्हणाला.

"तिसरा मजला," मी हळूच म्हटलं.

"तिसऱ्यावर खूप काही आहे. काय होतंय?"

"ते वरच सांगेन."

"आजी, मोठ्याने बोला. ऐकू येत नाही."

मला आजी म्हणणारा माझा नातू अजून जन्माला यायचाय. त्याआधी या माणसाने मान पटकावला. मी त्याला दोन शब्द ऐकवणार, तोच कंपाउंडरने काचेच्या भोकात आपला हात घातला. "अहो, हाडांचं लिहा! गुडघा आहे. मी ओळखतो यांना." आणि ओळख दाखवायला आतल्या माणसाचा हात धरून हलवला. आतल्या माणसाने हात सोडवण्यासाठी हाडांचं लिहिलं. कुठूनशी व्हीलचेअर आली. कंपाउंडरने ह्यांना खांद्याला धरून तिच्यात बसवलं. हे माझ्याकडे वळून वळून पाहत होते आणि खुर्ची उलट्या दिशेला निघाली होती.

पुढचं सगळं माझ्या हातातून सुटलं. हाडांचे डॉक्टर तरुण, केस व्यवस्थित, मान सारखी घड्याळाकडे. त्यांनी गुडघा दाबला. "इथे दुखतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"दादा लहानपणापासून दुखणं लपवतो," वन्सं म्हणाल्या.

"आणि फिरतं आहे," भोंगा म्हणाली.

हे ऐकून डॉक्टरांनी फोटो काढायला लावला. फोटोत गुडघा असा दिसत होता, की दुकानात मांडून ठेवावा. पण भोवती एवढी माणसं काळजीने उभी असताना काहीच झालेलं नाही म्हणायचा त्यांना धीर झाला नसावा. "फोटोत काही नाही. तरी खबरदारी घेऊ," असं म्हणून त्यांनी मांडीपासून घोट्यापर्यंत एक पट्टा बांधायला सांगितला, आणि वर बजावलं, "काही दिवस पाय सरळ ठेवायचा. आणि हो, झोपायचं वेगळं. शेजारच्याचा धक्का लागायला नको."

"सोफा आहे!" हे म्हणाले.

महिनोन्‌महिने मी ह्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद पाहिला नव्हता. पंखा बदलला, गादी बदलली, जगासमोर माझा नवरा लंगडा केला, तेव्हा कुठे इथवर आलो. आणि इथे सरकारी शिक्क्यासारखा डॉक्टरांचा हुकूम मिळाला, वेगळं झोपा! आगीतून निघून फुफाट्यात पडतात लोक. मी आगीतून निघून पुन्हा त्याच सोफ्यावर आले होते. माझं डोकं सणकलं.

"ठेवा तो पट्टा खाली!" मी म्हटलं. माझा आवाज उघड्या दारातून थेट केसपेपरच्या खिडकीपर्यंत गेला. "ह्यांच्या गुडघ्याला काही धाड भरलेली नाही. ऑपरेशन झाल्यापासून हा माणूस माझ्या शेजारी झोपत नाही. नवराबायकोच्या दुखण्याचे डॉक्टर असतात, ते तिसऱ्या मजल्यावर बसतात, आणि मी ह्यांना तिथे घेऊन आले आहे. आता कोणाला काही विचारायचंय?"

कोणाला काही विचारायचं नव्हतं. बाकांवरचे सगळे आजारी एकदम बरे झाल्यासारखे ताठ बसले. वन्संच्या हातातली काठी खाली पडली. कंपाउंडर भिंतीवरची सूचना वाचू लागला. खिडकीतला माणूस तेवढा त्या भोकातून ओरडला, "आजी, जिन्याने वर, उजवीकडे शेवटचं दार! मघाशीच सांगायचं ना!"

आणि आमचे हे? लाजेने लालबुंद होऊन खुर्चीतून उठले आणि पळाले. चक्क पळाले. ज्या माणसाला चाकाच्या खुर्चीतून आणला, तो जिन्याच्या पायऱ्या धडाधड चढत दिसेनासा झाला. मी मागे. पहिल्या वळणावर टेकले, दुसऱ्या वळणावर ह्यांच्या आईवडिलांची आठवण काढली, आणि वर पोहोचले तेव्हा हे शेवटच्या दाराजवळच्या बाकावर बसलेले. पळून पळून माणूस जाणार कुठे? पुढे जिनाच नव्हता.

आतल्या डॉक्टर आमच्या मुलापेक्षाही लहान. खोलीत टेबल, खुर्च्या, खिडकीत एक कुंडी. ह्यांनी आधी सगळ्या भिंती तपासल्या. भलतंसलतं चित्र एकही नव्हतं, तेव्हा कुठे टेकले. बाईंनी मला पाणी दिलं आणि ह्यांना विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?"

हे स्वतःच्या चपलांकडे बघू लागले. मी तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला. आमच्या घरात अजून असा हात कोणी केलेला नाही. मी तोंड मिटलं, ते निव्वळ आश्चर्याने.

"मी बसच्या डेपोत होतो," हे म्हणाले. "वर्कशॉपचा फोरमन. आमच्यात एक नियम होता. एकदा खोललेलं इंजिन परत चढाच्या मार्गावर पाठवायचं नाही. जोडलं, चालू झालं, आवाज चांगला आला, तरी नाही. त्या गाडीला सपाटीचा मार्ग द्यायचा. मी हा नियम कधी मोडला नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही." मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "हे इंजिन खोललंय."

"मग?" बाईंनी विचारलं.

"चढावर मध्येच बंद पडलं तर? शेजारी ही असते. हिच्या देखत, हिच्या हातात... आयुष्यभर हिच्या डोक्यात तेच राहील. त्यापेक्षा सोफा बरा."

मी इतके दिवस समजत होते, गाडीने मार्गच बदलला. गाडी मला वाचवायला डेपोत उभी होती! मला रडू आलं असतं, पण आधी राग आला. हे एवढं वाक्य बोलायला ह्यांनी मला एक पंखा आणि एक गादी घ्यायला लावली.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही वर कसे आलात? लिफ्ट तर आज बंद आहे."

"जिन्याने."

"हळूहळू?"

"पळत," मी म्हटलं.

"धाप लागली? छातीत दुखलं?"

ह्यांनी विचार केला. फोरमनसारखा, कान देऊन. "नाही. धाप हिला लागली."

बाई हसल्या. म्हणाल्या, भरभर जिने चढून ज्याला त्रास होत नाही, त्याच्या हृदयाला नवराबायकोची जवळीक सहसा जड जात नाही. तरी आपण अंदाजावर चालणार नाही. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी मी बोलते. आणि अशा ऑपरेशननंतर ही भीती कितीतरी लोकांना वाटते, फक्त सगळे पंख्यावर ढकलतात. काही वेळा गोळ्यांमुळेही शरीर साथ देत नाही, तेही बघू. "पण दुकानातून, कोणाच्या सांगण्यावरून काही घ्यायचं नाही. हृदयाच्या गोळ्यांबरोबर ते जिवावर बेतू शकतं."

ह्यांचा हात खिशाकडे गेला. बाईंनी तळवा पुढे केला. खिशातून एक पुडी निघाली.

"कंपाउंडरने दिली," हे पुटपुटले. "मागेच, एका मित्रासाठी हवी म्हणून मागितली होती. घेतली नाही अजून."

कंपाउंडरचं काय करायचं ते मी तिथेच ठरवलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही, पण तो हल्ली गळ्यात पट्टी घालत नाही.

मग बाईंनी उपाय सांगितला. रोज थोडा वेळ दार लावून दोघांनी जवळ बसायचं. हात हातात घ्यायचा, पाठ, खांदे, केस. काय बरं वाटतं ते बोलायचं. आणि पुढे जायचं नाही.

"म्हणजे?"

"मी सांगेपर्यंत त्याच्या पुढे बंदी."

मी उठून उभी राहिले. कुलूप उघडायला आले, तर या बाईंनी वर दुसरं लावलं! "अहो बाई, बंदीच हवी होती तर सोफा काय वाईट होता?"

"काकू, काका रोज परीक्षेला बसल्यासारखे घाबरतात. म्हणून मी परीक्षाच रद्द केली. आता नुसतं शिकायचं."

हे मात्र मला पटलं. परीक्षेच्या धास्तीनेच मी शाळा सोडली होती. शाळा वाईट नव्हती.

परत येताना रिक्षात वन्सं माझ्याशी बोलत नव्हत्या. मला वाटलं, भावाची अब्रू काढली म्हणून रागावल्या. उतरताना काठीवर हात फिरवत म्हणाल्या, "वहिनी, आमच्याकडेही असंच झालं होतं. त्यांच्या आजारपणात. मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत. तू ओरडलीस ते बरं केलंस." मी त्यांचा हात दाबला. तेवढ्यावर आम्ही दोघी थांबलो.

भोंग्याचं मात्र नवल. मला वाटलं, आता इमारतीत तोंड दाखवायला जागा नाही. पण तिला खरं पेलवलं नाही. एवढी मोठी बातमी तिच्या तोंडात मावेना, म्हणून तिने मावेल तीच सांगितली: गुडघा फार गंभीर आहे. दुसऱ्या दिवसापासून लोक भेटायला येऊ लागले. तेलं घेऊन, पट्टे घेऊन, कोणाकोणाचे गेलेले खांदे घेऊन. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत सोफा भरलेला. आलेला माणूस उठला की त्याच्या उबेवर दुसरा बसायचा. हे आपली उशी हातात धरून हॉलच्या कोपऱ्यात उभे, बसच्या थांब्यावर असल्यासारखे. शेवटी कंटाळून आत आले आणि उशी गादीवर टाकली.

"आजच्या दिवस," म्हणाले.

"बरं," मी म्हटलं. जिंकलेल्या माणसाने कमी बोलावं.

रोज संध्याकाळी आम्ही दार लावायला लागलो. बाहेर पाहुण्यांना सून सांगायची, "बाबांचा शेक चाललाय." आतमध्ये हे माझा हात असा धरायचे, की पाना हातात देऊन नट कुठे आहे ते शोधत आहेत. मी म्हटलं, "अहो, माणूस आहे मी. कसू नका." हे हसले. हसता हसता बोलायला लागले. ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं बोलले, भूल उतरताना पहिल्यांदा माझाच आवाज ऐकू आला, मी नर्सला झापत होते, तेव्हा जिवंत आहोत याची खात्री पटली, असं बोलले. हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी पाठीवर हात फिरवत राहिले. माझं प्रेशर उतरलं. सून पुन्हा वेळेवर कामावर जायला लागली.

हृदयाच्या डॉक्टरांनी एक गोळी बदलली आणि हरकत नाही म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी बंदी उठवली की नाही, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. हे म्हणतात, उठवली होती. मी म्हणते, पुढच्या भेटीत उठवणार होत्या. एका रविवारी दुपारी मुलगा आणि सून वन्संकडे गेले होते, सोफ्यावर कोणी नव्हतं, आणि मी ह्यांना आठवण करून दिली, "अहो, बंदी आहे."

"ट्रायल घेतोय," हे म्हणाले.

मग पंखा फिरत होता आणि ऊन पडद्याच्या कडेने आत आलं होतं. हे पालथा हात कपाळावर ठेवून पडले होते. मी त्यांच्या छातीवर, त्या शिवणीच्या व्रणावर कान ठेवला आणि नीट ऐकलं. ठोका पडत होता. खणखणीत, एकसारखा.

"काय म्हणतंय इंजिन?" ह्यांनी विचारलं.

मी उठून बसले, पदर सारखा केला आणि ह्यांना तोंडावर सांगितलं, "तुमच्या डेपोचा तो नियमच चुकीचा होता. किती धडधाकट गाड्या तुम्ही आयुष्यभर उगाच सपाटीवर फिरवल्यात, देव जाणे!"